पंगतीतले एक वाक्य

मी आयुष्यात तीन चित्रपट पाहिले. तिसऱ्यात माझी पत्नी होती. ती मला दिसली नाही.

याबद्दल घरात माझ्यावर जो ठपका आहे, तो मला मान्य आहे. मात्र ठपका ठेवणारे (विशेषतः माझा मेहुणा) प्रत्येक लग्नकार्यात ही हकीकत सांगतात आणि प्रत्येक वेळी तीत थोडी भर घालतात. म्हणून मूळ प्रत लिहून ठेवतो.

मी तालुक्याच्या न्यायालयात शिरस्तेदार होतो. न्यायाधीशांच्या आसनाखाली बसायचे, कागद पुढे करायचे आणि मागे कोणी कुजबुजले की मान वर करून त्याच्याकडे पाहायचे. चौतीस वर्षांत बोलण्याची वेळ क्वचितच आली. बाकी वेळी पाहणे पुरले. निवृत्तीनंतर धामणगाव बढ्याला घरी आलो, तेव्हा ही सवयही सामानाबरोबर आली. आमच्या घरात मी उठून उभा राहिलो की सर्वांचे हात थांबतात आणि नजरा माझ्याकडे वळतात. ही बढाई नव्हे. याच सवयीने पुढे घात केला.

माझी सासुरवाडी गावातच, दोन गल्ल्या सोडून. तिथे माझा मेहुणा गजानन राहतो. पोटात गोष्ट न ठरणे हा त्याचा जुना आजार आहे. एके दिवशी तो मोताळ्याला युरिया आणायला गेला आणि सिनेमा घेऊन आला.

"भाऊजी! पिक्चरवाले येऊन राह्यले आपल्या गावात!"

"कशाला?"

"प्रेमाची कहानी हाये. आन कॉमेडी बी हाये."

"दोहोंपैकी एक काय ते ठरवायला सांग."

"तुमी बी ना, भाऊजी! आपल्या आंगनात लग्नाची पंगत बसनार हाये. आपलं घर पडद्यावर! नीमाचं झाड पडद्यावर! म्हैस बी घेतो म्हने!"

"आणि युरिया?"

युरिया तो विसरला होता.

दोन दिवसांनी दिग्दर्शक सासुरवाडीचे अंगण पाहायला आला. तरुण होता. डोक्यावर उलटी टोपी होती. त्या वेळी विमल, म्हणजे माझी पत्नी, भावजयीसोबत गच्चीवर कुरडया घालत होती. गजानन मळ्यात होता. पाहुणे आले हे त्याला कळवायला विमलने गच्चीवरूनच हाक मारली. मळा सहा शेते पलीकडे आहे. गजानन आला. त्याच्यासोबत आणखी दोन गजानन आले, ते वेगळ्या शेतांतले होते.

दिग्दर्शकाने टोपी सुलटी केली. म्हणाला, "काकू, आमच्या चित्रपटात एक वाक्य म्हणाल का? नवरीच्या मावशीचं."

विमलने माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले. (आमच्या घरात ही परवानगी समजली जाते.)

वाक्य कागदावर लिहून आले. मावशी पंगतीत बुंदी वाढते आहे, शहरातला नवरदेव संकोचाने 'नको, नको' म्हणतो आहे, आणि मावशी म्हणते: "जावईबापू, लाजू नगा. आमच्या घरात लाजल त्यो उपाशी ऱ्हातुया."

विमलने ते दोनदा वाचले. "हे कोनती भाषा होय, भाऊ?"

"गावाकडची, काकू."

"कोन्या गावाकडची?"

दिग्दर्शकाला गाव सांगता आले नाही. विमलने कागद उलटा ठेवला आणि वाक्य स्वतःच दुरुस्त केले: "जावईबापू, लाजू नका. आमच्या घरी लाजते तो उपाशी राह्यते." दिग्दर्शक म्हणाला, हे तर जास्त छान आहे. संपूर्ण चित्रीकरणात त्याने घेतलेला हा एकमेव बरा निर्णय. त्यातही त्याचा वाटा ऐकण्यापुरताच होता.

मग तालमी सुरू झाल्या. आठ दिवस आमच्या घरात प्रत्येक भाकरी त्या वाक्यासोबत ताटात पडली. मी 'नको' म्हणायचे आणि तिने वाक्य म्हणायचे, अशी व्यवस्था होती. (मला खरोखर नको असली तरी भाकरी पडत असे.) प्रत्येक वेळी ती कमरेवर हात ठेवून विचारी, "कसं झालं?"

"ठीक."

"ठीक म्हंजे?"

"ठीक म्हणजे ठीक."

पाचव्या दिवशी तिने भाकरीची टोपली खाली ठेवली. "चाळीस वर्सं झाले. सैपाक केला, ठीक. लेकराचं लगन केलं, ठीक. मी दवाखान्यातून वापस आली, तई बी ठीक. तुमच्या तोंडातून ठीकच्या वर काई निंगतच नाई काय हो?"

मी पाणी प्यालो.

"बरं," ती म्हणाली, "आता नका सांगू. पडद्यावर पाह्यजा. आन मंग सांगजा, सगळ्यायसमोर, कसं झालं थे."

"पाहून सांगतो," मी म्हणालो.

हा शब्द मी दिला होता. पुढे जे घडले ते या शब्दापायी.

चित्रीकरणाचा दिवस उगवला. गावाला निरोप होता: ठेवणीतले कपडे घालून या, पंगतीत बसा, लग्न खोटे आहे. शेवटचा भाग गावाने ऐकला, पण मनावर घेतला नाही. पंगतीला रिकाम्या हाताने जाणे आमच्याकडे होत नाही. सकाळी अंगणात पातेली, परात, ब्लाउजपीस, एक भिंतीवरचे घड्याळ आणि टॉवेल-टोप्यांची चळत जमा झाली. मांडवात मुंडावळ्या बांधून बसलेल्या नायकाला एकामागून एक अकरा जणांनी टोपी घातली. टोपी घातल्यावर लगेच काढणे हा देणाऱ्याचा अपमान. हे त्याला कोणीतरी कानात सांगितले असावे, कारण मी पाहिले तेव्हा त्याच्या डोक्यावर चार टोप्या एकावर एक होत्या आणि तो मान न हलवता हसत होता.

दिग्दर्शक धावत आला. "अहो, थांबा! हे खोटं लग्न आहे!"

गजाननची म्हातारी काकू घड्याळ घेऊन रांगेत उभी होती. ती म्हणाली, "लगन खोटं असन, बाप्पा. पन जेवन तं खरं हाये ना?"

"जेवण खरं आहे, आजी."

"मंग आहेर बी खरा. धर."

या युक्तिवादात मला दोष सापडला नाही.

जेवण खरोखर खरे होते. वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि बुंदी. दिग्दर्शक म्हणाला, "सुरू!" पंगत जेवली. नायक त्याचे 'नको, नको' विसरला. दिग्दर्शक म्हणाला, "पुन्हा." नव्या पत्रावळी मांडल्या, नव्या बट्ट्या, नवे तूप. पंगत पुन्हा जेवली. मग वर एक विमान गेले. पुन्हा. मग गजाननने कॅमेऱ्याकडे पाहून हात केला. पुन्हा!

तिसऱ्या वेळी दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, "नुसतं खाल्ल्यासारखं करा हो! पानात राहू द्या!"

पानात टाकणे म्हणजे पाप, हे आमच्याकडे बोलायला लागण्याआधी शिकवतात. खाल्ल्यासारखे करणे म्हणजे काय, हे मात्र कोणीच शिकवलेले नव्हते. लोकांनी ते विचारात घेतले आणि बट्टी संपवली. चौथ्या वेळी पंगत एका बाजूला कलू लागली. पाचव्या वेळी सर्वांच्या चेहऱ्यावर लग्नाचा आनंद हवा होता. तो गावात कुठेच शिल्लक नव्हता. गजानन पानावरून मला क्षीण आवाजात म्हणाला, "भाऊजी, मले कोनी तरी उचला बे!" (शेवटचा शब्द माझ्यासाठी नसावा, असे मी धरून चाललो.)

विमल मात्र पाचही वेळा बुंदीची परात घेऊन तशीच ताठ चालत आली आणि पाचही वेळा वाक्य तसेच म्हणाली. एक अक्षर इकडे नाही, तिकडे नाही. मी नीमाखाली हात मागे बांधून उभा होतो. चित्रपटात मी नव्हतो. तसे मी आधीच कळवले होते.

सहाव्या वेळी एक गोष्ट घडली. पंगतीचा नियम साधा आहे. शेवटच्या पानापर्यंत वाढून होत नाही, तोवर पहिल्या पानाने घास मोडायचा नाही. टोकाला गजाननची म्हातारी काकू बसली होती आणि तिच्या पानात भाजी पडायची होती. अशा वेळी नायकाने बट्टी फोडली आणि तोंडात घातली. पाच वेळा मी गप्प राहिलो, कारण पाच वेळा त्याने नियम पाळला होता. या वेळी माझ्याने राहवले नाही. मी नीमाखालून निघालो, तीन पावले पुढे झालो आणि म्हणालो, "थांबा. पंगत भरलेली नाही."

नायक घास तोंडात धरून थांबला. पंगत थांबली. नीमावरचा कावळासुद्धा थांबला, असे गजानन सांगतो. (ही त्याची भर आहे.)

दिग्दर्शकाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. थोड्या वेळाने हात काढून म्हणाला, "असू दे, काका. अजून एक घेऊ." आणि त्याने अजून एक घेतला. उजेड उतरत आला होता, बट्ट्या संपत आल्या होत्या, माणसे तर संपलीच होती. माझा तो तीन पावलांचा भाग ते फेकून देतील, असे मी गृहीत धरले. गृहीत धरू नका, कागद वाचा, असे मी चौतीस वर्षे इतरांना सांगत आलो होतो.

त्यानंतर एक वर्ष गेले. या वर्षात विमलची गावातली ओळख बदलली. पूर्वी ती 'शिरस्तेदाराची बायको' होती. आता मी 'पिक्चरवाल्या बाईचा नवरा' झालो. मी हरकत नोंदवली नाही.

अडचण विहीणबाईंची होती. आमच्या सुनेची आई मेहकरला असते. बाई सरळ आहेत, फक्त पुराव्याशिवाय काही मानत नाहीत. (न्यायालयात असत्या तर वर गेल्या असत्या.) दर आठवड्याला त्यांचा फोन येई.

"पिक्चर कवा येते, विहीनबाई?"

"येईन, येईन."

"नाई, म्हटलं, येते ना नक्की? आमच्या इकडं एका मास्तरनं असंच सांगलं होतं. पाह्यलं तं निरा कापून टाकलेला!"

फोन ठेवल्यावर विमल भांडी जरा जोरात लावत असे.

शेवटी चित्रपट आला. बुलढाण्यात लागला नाही. मलकापुरात लागला नाही. खामगावात एका चित्रपटगृहात फक्त दुपारच्या खेळाला लागला. माझा मुलगा संजय याने दोन काळीपिवळी जीपा ठरवल्या आणि आम्ही सतरा जण निघालो. विमलने चित्रीकरणात नेसलेली मोरपंखी साडीच नेसली होती. ओळख पटण्यास बाधा येऊ नये, हा हेतू. मला तो योग्य वाटला. विहीणबाई मेहकरहून बसने थेट खामगावात आल्या. त्यांच्या पिशवीत नारळ आणि विमलसाठी नवी साडी होती.

"पाह्यलं का लगेच वटी भरतो," त्या म्हणाल्या. "पैले पाहू तं द्या."

चित्रपटगृहात आमच्याखेरीज चार जण होते. त्यातला एक झोपला होता, आणि चित्रपट अद्याप सुरू व्हायचा होता. बैठकीची व्यवस्था मी लावली. पुढच्या रांगेत मी, माझ्या उजव्या हाताला विमल, पलीकडे विहीणबाई. बाकी सर्व मागच्या दोन रांगांत. गजानन बरोबर माझ्या मागे. त्याला दूर बसवायला हवे होते, हे मला आज कळते.

चित्रपटाविषयी थोडक्यात सांगतो. नायक शहरातून येतो, नायिका गावात असते, दोघे भांडतात, दोघे गातात. मध्ये पऱ्हाटीच्या शेतातून नायिका हात पसरून धावते. पऱ्हाटीतून असे धावल्यावर पदराचे काय होते, हे कापूस वेचणाऱ्या कोणत्याही बाईने सांगितले असते. विचारले कोणी नाही. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्यात माणसे चांगली होती. एक नामांकित विनोदी नट होता. नुसता दारातून आत आला तरी आमची मागची रांग हसली, आणि त्याला दोनदा शेणावरून घसरवून घरी पाठवले. एक जुने, भारदस्त नट आजोबा होते. दोन तास ते बाजेवर बसले आणि 'हं' म्हणाले. नायिकेची मैत्रीण झालेल्या मुलीचे डोळे बोलके होते. तिला सबंध चित्रपटभर पाण्याची कळशी धरायला लावली. साक्षीदारांना लांबून बोलवावे, शपथ द्यावी आणि जबाब न घेता परतीच्या गाडीत बसवावे, असा तो प्रकार! म्हशीला मात्र गाणे होते.

आता गजानन. पडद्यावर पहिली साडी दिसली आणि तो ओरडला, "ताई आली! ताई आली!"

ती नायकाची आई होती.

"गजानन," मी मागे न पाहता म्हणालो.

"हाव, भाऊजी. चुकलं."

दहा मिनिटांनी बसमधून एक बाई उतरली. "ते पाहा ताई! ताईच हाये!"

"अरे, मी बशीतून कवा उतरली?" विमल म्हणाली.

मग बाजारातली बाई. मग देवळातली बाई. मग पाठमोरी उभी असलेली एक बाई. तिच्यावर तर मागच्या रांगेत दोन तट पडले आणि वाद सुरू झाला. ती वळली, तेव्हा तिला मिशा होत्या. तो पुजारी निघाला! झोपलेला गृहस्थ जागा झाला आणि "ताई आली का?" असे आम्हालाच विचारू लागला.

"गजानन," मी म्हणालो, "आता एक शब्द बोललास तर बाहेर बसवीन."

"बिलकुल नाई, भाऊजी. देवाशप्पत."

मध्यंतर झाले. विहीणबाईंनी साडी पिशवीतून काढली, पाहिली आणि पुन्हा आत ठेवली. विमलने पदर सारखा केला.  खुर्चीच्या हातावर तिची बोटे टकटक वाजत होती. दवाखान्यातल्या बाकावरही ती अशीच वाजली होती. मी चष्मा पुसला. पाहून सांगायचे होते.

मध्यंतरानंतर अर्ध्या तासाने अंगण आले. आमचे अंगण! नीम आला, मांडव आला, पंगत आली. डोक्यावर एक टोपी घातलेला नायक आला. माझ्या मागे खुर्ची करकरली. शपथ मोडली, हे मी ओळखले.

"आता येते!" गजानन म्हणाला. "आता पाहा! आता येते ताई! आता—"

हा क्षण शांततेत पार पडावा, एवढीच माझी इच्छा होती. विमलचे वाक्य एकाच्याही ऐकण्यातून सुटू नये. म्हणून मी उठलो. वळलो. तर्जनी वर केली. आणि चौतीस वर्षांच्या नोकरीतल्या सर्वांत मोठ्या आवाजात म्हणालो, "शांतता!"

शांतता झाली. पूर्ण. सर्वांचे हात थांबले आणि सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. गजाननची, संजयची, सुनेची, विहीणबाईंची. विमलची सुद्धा.

माझ्या पाठीमागे काहीतरी बोलले गेले. मग ढोल वाजला. मी वळलो तेव्हा पडद्यावर म्हैस होती.

 मग विहीणबाई म्हणाल्या, "झालं?"

"झालं," संजय म्हणाला.

"कोनं पाह्यलं?"

कोणीच पाहिले नव्हते. मला सोडून उरलेल्या सतराही जणांनी माझी तर्जनी पाहिली होती. विमल माझ्याकडेच पाहत होती. "तुमी उठले, मंग मी तुमच्याकडंच पाह्यलं ना," ती म्हणाली. "आतापावेतो तसंच केलं." एवढेच. ओरडली असती तर बरे झाले असते.

परके तिघे मध्यंतरालाच निघून गेले होते, म्हणून शेवटी झोपलेल्या गृहस्थाकडे चौकशी केली. तो म्हणाला, "मीनं बी तुमालेच पाह्यलं. मले वाटलं, तुमी पिक्चरातलेच हा."

मी स्वतः दारावरच्या माणसाकडे गेलो. पुढचा खेळ कधी, असे विचारले.

"काका, हा शेवटचाच होता. तुमचे लोक फोन करून राह्यले होते, म्हनून ठेवला. उद्यापासून दुसरा हाये."

"तेवढा भाग मागे नेऊन दाखवता येईल का?"

"ते घरी टीव्हीवर होते, काका."

नारळ आणि साडी पिशवीतच मेहकरला परत गेली. "पाह्यलं की देतो," विहीणबाई बसच्या खिडकीतून म्हणाल्या. काळीपिवळीत मी पुढे बसलो. सोबत आणलेल्या पुरीभाजीचा डबा मागच्या मागे फिरला आणि माझ्यापर्यंत येण्याआधी संपला. त्यात योगायोग नव्हता.

पुढचे चार महिने भाकरी ताटात मुकाट्याने पडली. वाक्याशिवाय. मला 'नको' म्हणायचीही सोय राहिली नाही. जेवणात एवढी शांतता मी आधी मागितली असती. आता ती मिळाली होती आणि मी एका भाकरीवर उठत होतो.

मग सुनेला कळले की रविवारी दुपारी तो चित्रपट टीव्हीवर आहे. विहीणबाई शनिवारीच आल्या. पिशवी तीच. विमलने मुद्दाम बुंदी केली. रविवारी आमच्या बैठकीत मुंगीला जागा नव्हती. मला सर्वांच्या मागे, भिंतीला टेकून बसवले आणि संजयने नम्रपणे सांगितले, "बाबा, आज तुमी उठू नका. घराले आग लागली तरी." गजाननला त्याच्या बायकोने तोंडात लिमलेटची गोळी देऊन बसवले होते.

शेण झाले. पुजारी झाला. म्हैस व्हायची होती. अंगण आले, नीम आला, पंगत आली.  डाव्या बाजूने बुंदीची परात दिसू लागली, मागून मोरपंखी काठ, हिरव्या बांगड्यांचा हात—

आणि उजव्या बाजूने एक पाठ आली.

पांढरा सदरा. मागे बांधलेले हात. तीन पावले चालून ती पाठ पडद्याच्या बरोबर मध्ये येऊन उभी राहिली आणि तिथून हलली नाही. तिच्या मागून, ठणठणीत, सहा शेते ओलांडून जाईल असा आवाज आला: "जावईबापू, लाजू नका. आमच्या घरी लाजते तो उपाशी राह्यते!" पाठीच्या एका बाजूने नायकाची टोपी दिसत होती, दुसऱ्या बाजूने विमलचे कोपर. पाठीने काय म्हटले ते कापून तिथे आधीच्या वेळचे वाक्य बसवले होते. पाठ ठेवली होती! नंतर घेतलेला तो 'अजून एक' त्यांनी वापरलाच नव्हता.

ढोल वाजला. म्हैस आली.

कोणी मागे वळून माझ्याकडे पाहण्याचे धाडस करीत नव्हते. गजाननची गोळी घशात अडकली होती, ती काढावी लागली.

मग विमल हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. हसता हसता तिने भिंतीला हात टेकला. "माय वो! टॉकीजात बी समोर उभे, आन पिक्चरात बी समोरच उभे!"

विहीणबाई उठल्या. पुरावा अपुरा असला तरी आवाजाची ओळख पटली होती. त्यांनी विमलची ओटी भरली, साडी दिली. मग पिशवीच्या तळाशी हात घातला, माझ्यापर्यंत आल्या आणि टॉवेल-टोपी माझ्या हातावर ठेवली. "घ्या. काम तं तुमचंच जास्त हाये."

टोपी मी घातली. लगेच काढता येत नाही.

जेवायला बसलो. विमल बुंदी वाढत माझ्या पानापर्यंत आली आणि थांबली. "आता तं पाह्यलं. कसं झालं?"

"ठी—"

वाढलेला हात मागे गेला. "जावईबापू," ती शांतपणे म्हणाली, "आमच्या घरी लाजते तो उपाशी राह्यते."

मी तिच्याकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच पाहणे पुरले नाही.

"आवाज चांगला होता," मी म्हणालो. "तू दिसायला हवी होतीस."

मी उठून उभा राहिलो नव्हतो, तरी सर्वांचे हात थांबले. विमलने खाली पाहत बुंदी वाढली. नको म्हणण्याची संधी मला दिली नाही. दोनदा वाढली.

ते अवघडलेपण मोडायला गजानन म्हणाला, "भाऊजी, पन एकंदर पिक्चर कसा होता हो?"

"टाकाऊ," मी म्हणालो. "एवढे चांगले नट घेतले आणि कोणाचा उपयोगच केला नाही."

"एकाचा लय केला," विमल म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली.